सेंट रेजिसच्या तळ्यांवर

पहिला दिवस

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील सारानॅक लेक या गावातून वायव्येला निघाले की थोड्याच वेळात सेंट रेजिस कनू एरियाची हद्द लागते. कनू म्हणजे वल्ह्यांनी चालवायची अरुंद, हलकी नाव. 18,000 एकरांहून मोठ्या या सरकारी जंगलात लहानमोठी 58 तळी आहेत. त्यांतल्या एकाही तळ्यावर मोटारबोट चालवता येत नाही, की विमान उतरवता येत नाही. ॲडिरॉन्डॅक पार्क या राज्याने राखलेल्या डोंगराळ प्रदेशातल्या सरकारी जमिनींची वर्गवारी 1972 साली झाली, तेव्हा ‘कनू’ हा एक स्वतंत्र वर्ग ठेवण्यात आला आणि त्या वर्गात आजही हा एकच प्रदेश आहे. आम्ही शांततेसाठीच इथे आलो होतो. ही शांतता कोणीतरी ठरवून, नियम करून आणि त्या नियमांचा पाठपुरावा करून राखलेली आहे, हे मात्र कनू पाण्यात लोटण्यापूर्वीच दिसू लागले.

कनू पाण्यात सोडण्याची जागा मत्स्यबीज केंद्राला लागून आहे. समोरचे लिटल क्लिअर पाँड हे तळे या केंद्राचेच म्हणायला हवे, कारण समुद्रात न जाता गोड्या पाण्यातच आयुष्य काढणाऱ्या अटलांटिक सामनचे प्रजननक्षम मासे तिथे राखलेले असतात आणि शरद ऋतूत त्यांना जाळ्यात धरून त्यांची अंडी काढली जातात. म्हणून या तळ्यात गळ टाकायचा नाही आणि काठावर तंबूही ठोकायचा नाही; फक्त वल्हवत पलीकडे जायचे. मासेमारीसाठी आलेल्या माणसाला पहिल्याच तळ्यावर रॉड पिशवीत ठेवावा लागतो, हे थोडे गमतीचे आहे. दादाने, म्हणजे माझ्या मावसभावाने, तो मुळात बाहेर काढलाच नव्हता. त्याला या भागाची चांगली माहिती आहे आणि माझ्या उत्साहाचीही.

सप्टेंबरचा मध्य उलटला होता. मे-जूनमध्ये इथे चावऱ्या काळ्या माश्या माणसाला बसू देत नाहीत आणि त्यांच्या पाठोपाठ डास येतात. सप्टेंबरमध्ये हे दोन्ही त्रास संपलेले असतात, पाणी अजून हाताला सोसवते आणि मेपलची एखाददुसरी फांदी लाल झालेली असते. लिटल क्लिअर ओलांडायला मैलभराहून अधिक वल्हवावे लागते. पुढच्या बैठकीवर मी होतो. पुढच्याने केवळ लय धरायची असते, दिशा मागचा सांभाळतो. मागचा प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्ह्याचे पाते बाहेरच्या बाजूला किंचित वळवतो, त्यामुळे एकाच बाजूने वल्हवत राहूनही कनू सरळ जाते. हे ऐकायला सोपे वाटते. दादाचे मनगट पाहिले की त्यात किती सराव मुरला आहे ते समजते.

तळ्याच्या टोकाला पहिली कॅरी आली. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना कनू आणि सामान डोक्याखांद्यांवर वाहून न्यायच्या वाटेला इथे कॅरी म्हणतात. ही वाट अर्ध्या मैलाहून थोडी जास्त आहे. आमची कनू केव्हलार या हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची, वीस किलोच्या आतबाहेर वजनाची होती. मधल्या आडव्या लाकडाला खांद्यांच्या मापाची खाच असते. कनू मांडीवर घेऊन एका झटक्यात उलटी करून ती खाच खांद्यांवर बसवली की वजनाचा प्रश्न जवळजवळ मिटतो, उरतो तो दिसण्याचा. डोके नावेच्या आत असल्यामुळे समोरची फक्त चार-पाच पावलांची वाट दिसते. मुळे, दगड, ओल्या फळ्या आणि आपल्याच बुटांची टोके. दादाने कनू घेतली, मी सामानाच्या पिशव्या. पलीकडच्या दलदलीवरच्या फळ्यांच्या पुलावरून उतरून आम्ही पाण्यात शिरलो आणि लव्हाळ्यातून वाट काढत सेंट रेजिस पाँडवर आलो.

नावात पाँड असले तरी ही डबकी नव्हेत. सेंट रेजिस पाँड सुमारे 400 एकरांचे आहे, त्यात बेटे आहेत, आणि उत्तरेला सेंट रेजिस डोंगर उभा आहे. 2,874 फूट उंचीच्या त्या डोंगरमाथ्यावर 1918 साली उभारलेला लोखंडी टेहळणी मनोरा आहे. जंगलातला वणवा लांबून दिसावा म्हणून असे मनोरे बांधले गेले; हा 1990 मध्ये बंद पडला आणि 2016 मध्ये दुरुस्त होऊन लोकांसाठी पुन्हा उघडला. पाण्यावरून तो काडीएवढा दिसतो.

मुक्कामाच्या जागा आधी राखून ठेवता येत नाहीत. झाडावर ‘इथे मुक्काम करा’ असे लिहिलेली पिवळी गोल तबकडी ठोकलेली दिसली आणि जागा रिकामी असली, तर ती आपली. त्यासाठी पैसे पडत नाहीत. एका जागी सलग तीन रात्रींहून जास्त राहायचे असेल किंवा गटात दहा किंवा अधिक माणसे असतील, तर मात्र वनरक्षकाकडून परवाना घ्यावा लागतो. अशी तबकडी नसेल तिथे रस्ता, पायवाट आणि पाणी यांपासून किमान 150 फूट आत तंबू लावायचा. आम्हाला एका उंचवट्यावर, पांढऱ्या पाइनच्या झाडांखाली जागा मिळाली. सोयी म्हणाल तर चुलीसाठी रचलेले काळे दगड आणि आत झाडीत संडासाची लाकडी पेटी, एवढेच. नळ, दिवा, टेबल यांपैकी काही नाही. पिण्याचे पाणी तळ्यातून घेऊन गाळायचे किंवा उकळायचे.

जेवण झाल्यावर खाण्याचे सगळे सामान, त्याबरोबर टूथपेस्ट आणि साबणही, जाड प्लॅस्टिकच्या अस्वलरोधक डब्यात भरून तंबूपासून लांब ठेवले. ॲडिरॉन्डॅकच्या पूर्वेकडील उंच डोंगरांत असा डबा हंगामात सक्तीचा आहे. इथे सक्ती नाही, पण काळ्या अस्वलाला नाक सगळीकडे सारखेच असते. भांडी विसळलेले पाणीही तळ्यात जाऊ द्यायचे नाही. तळ्यापासून 150 फूट दूर नेऊन ओतायचे. अंधारात भांडी घेऊन तेवढे चालताना माझी थोडी कुरकुर झाली. दादा म्हणाला, “उद्या सकाळी हेच पाणी तू चहाला घेणार आहेस.” त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते.

दुसरा दिवस

हा दिवस मासेमारीचा होता. उजाडण्यापूर्वीच निघालो. पाण्यावर धुके इतके दाट होते की वल्ह्याचे पाते पाण्याबाहेर काढले की त्यावरून गळणारे थेंब दिसत, पण दहा हातांवरचे बेट दिसत नसे.

न्यूयॉर्कचा रहिवासी असलेल्याला मासेमारीचा वार्षिक परवाना 25 डॉलरला मिळतो, बाहेरच्याला 50 डॉलरला. आठवड्याचा परवाना दोघांनाही स्वस्त पडतो. परवाना ही सोपी गोष्ट झाली. खरे नियम आमिषापासून सुरू होतात. या तळ्यांत छोटा मासा आमिष म्हणून वापरायला बंदी आहे, मग तो जिवंत असो वा मेलेला. कारण असे की इथला मूळचा मासा ब्रुक ट्राउट हा थंड आणि कमी स्पर्धेच्या पाण्यात वाढलेला आहे. कोणी आमिषाच्या डब्यातून यलो पर्चसारखा दुसरा मासा आणून उरलेले आमिष तळ्यात ओतले, तर काही वर्षांत तो तळे व्यापतो आणि ट्राउटच्या पिलांना खायला काही उरत नाही. असे पूर्वी अनेक तळ्यांत झालेले आहे. त्यावर मत्स्यखात्याने केलेला उपाय कडक होता: रोटेनोन हे वनस्पतिजन्य विष पाण्यात सोडून तळ्यातले सगळे मासे मारायचे, विषाचा अंमल ओसरला की ब्रुक ट्राउट नव्याने सोडायचा, आणि खालून दुसरा मासा पुन्हा चढू नये म्हणून गरज पडेल तिथे पाणी बाहेर पडण्याच्या जागी छोटा बंधारा घालायचा. ज्या तळ्यांना आपण अस्पर्श म्हणतो त्यांतली काही अशी एकदा पूर्ण रिकामी करून पुन्हा भरलेली आहेत. हे कळल्यावर मला ती कमी नैसर्गिक वाटू लागली नाहीत. उलट, आमिषाचा डबा घेऊन येणाऱ्या माणसाच्या एका हलगर्जीपणाची किंमत केवढी असते, याचा मात्र नीट अंदाज आला.

मग आमिष म्हणून उरतो तो गांडूळ, कृत्रिम माशी आणि चमचा. दादाने लेक क्लिअर वॉबलर काढला. जवळच्याच लेक क्लिअरचे नाव लावणारा हा लंबगोल पत्र्याचा चमचा पाण्यात ओढला की हेलकावे खात चमकत राहतो. गळ त्याला थेट लावत नाहीत; चमच्याच्या मागे हातभर दोरा सोडून त्याच्या टोकाला गांडूळ किंवा माशी बांधतात. चमचा माशाचे लक्ष वेधतो, मासा येतो तो मागच्या गांडुळासाठी. हे सगळे अगदी सावकाश ओढावे लागते. मोटारबोटीला न साधणारा आणि दमलेल्या वल्हेकऱ्याला सहज साधणारा असा तो वेग आहे, त्यामुळे इथल्या तळ्यांना हे साधन फार शोभते.

ब्रुक ट्राउटला पाणी वीस अंश सेल्सियसच्या खाली लागते. उन्हाळ्यात तळ्याचा वरचा थर तापतो, खालचा थंड राहतो, आणि दोन्हींच्या मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा एक पातळ पट्टा तयार होतो. मासा त्या पट्ट्याच्या आसपास असतो. वसंतात बर्फ वितळल्याबरोबर तो काठाशी सापडतो, सप्टेंबरमध्ये मात्र दोरी थोडी खोल सोडावी लागते. पहिले दोन तास काहीच झाले नाही. दादा तळाच्या उताराचा अंदाज घेत बेटाच्या कडेकडेने कनू नेत होता आणि मी रॉडच्या टोकाकडे पाहत होतो. धुके विरले, ऊन आले. मग रॉडचे टोक दोनदा हलके वाकले आणि तिसऱ्यांदा वाकलेलेच राहिले.

मासा वीतभराहून थोडा मोठा होता. हात आधी पाण्यात बुडवून ओले करायचे असतात, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि त्याला बुरशीजन्य रोग होऊ शकतो. पाण्यातच धरून मी तो पाहिला. पाठीवर गडद हिरव्या रंगात पिवळसर नागमोडी रेघा, कुशीवर लाल ठिपके आणि प्रत्येक लाल ठिपक्याभोवती निळे कडे. पोटाकडचे पर नारिंगी, त्यांची पुढची कड काळी आणि तिच्याही पुढे चुन्याने ओढल्यासारखी पांढरी रेघ. नावात ट्राउट असले तरी शास्त्रीय दृष्ट्या तो ‘चार’ (char) नावाच्या गटातला मासा आहे, आणि न्यूयॉर्कचा राज्यमासाही तोच आहे. गळ काढल्यावर तो क्षणभर माझ्या तळव्यावर तसाच थांबला आणि मग नाहीसा झाला. नंतर आणखी काही मासे मिळाले. त्यांतले दोन आम्ही संध्याकाळसाठी ठेवले. खोल पाण्यात लेक ट्राउटही आहे, त्याने मात्र आमची दखल घेतली नाही.

दुपारी एक लून पक्षी पिलासह कनूच्या अगदी जवळ, वल्हे लांब केले तर पोहोचेल एवढ्या अंतरावर वर आला. पाठीवरची पांढरी चौकडी आणि लालभडक डोळा इतक्या जवळून स्पष्ट दिसत होता. पिलू राखाडी आणि आकाराने जवळजवळ आईबापाएवढे झाले होते. मोठे पक्षी शरद ऋतूत आधी समुद्राकडे निघून जातात, पिले काही आठवड्यांनी कोणी वाट न दाखवता त्याच दिशेने जातात. लूनचे पाय शरीराच्या फार मागे असतात. बुडी मारायला ते उत्तम, जमिनीवर चालायला निरुपयोगी. म्हणून तो घरटे अगदी पाण्याच्या कडेला बांधतो, आणि वेगाने गेलेल्या मोटारबोटीच्या लाटेत ते वाहून जाऊ शकते. या पक्ष्याचा दुसरा शत्रू आमच्याच पिशवीत असू शकला असता: अन्न दळण्यासाठी तो तळाचे खडे गिळतो आणि त्यांत गळाला लावायची शिशाची वजनेही गिळतो. एवढ्याशा शिशाने तो विषबाधा होऊन मरतो. अर्धा औंस आणि त्याहून कमी वजनाच्या शिशाच्या गोळ्या विकायला न्यूयॉर्कमध्ये 2004 पासून बंदी आहे. आमच्याकडची वजने कथलाची होती. ती थोडी महाग पडतात आणि आकाराने मोठी असतात; तक्रार करण्याजोगे यापलीकडे काही नाही.

रात्री लूनची लांब हाक ऐकू आली आणि पलीकडच्या तळ्यावरून तिला उत्तर आले.

तिसरा दिवस

पहाटेपासून पश्चिमेचा वारा होता. आठ वाजेपर्यंत तळ्यावर पांढऱ्या फेसाच्या लाटा उठू लागल्या. अशा वेळी करण्यासारखे शहाणपणाचे काम एकच, काठावर बसून राहणे; म्हणून दुपारपर्यंत आम्ही तेच केले. वाळून खाली पडलेले लाकूड तेवढे चुलीला वापरायचे, उभे झाड वाळलेले असले तरी त्याला हात लावायचा नाही, आणि बाहेरून आणलेल्या प्रक्रिया न केलेल्या सरपणाला पन्नास मैलांची मर्यादा आहे, कारण लाकडातून झाडे पोखरणारे किडे प्रवास करतात. ओल्या बर्चची सालसुद्धा चटकन पेटते, हे त्या सकाळी फार उपयोगी पडले.

पाइनच्या बुंध्याला टेकून बसलो असता दादाने आम्लपावसाचा विषय काढला. इथला खडक आणि त्यावरची पातळ माती यांत चुनखडीचा अंश फार कमी आहे, त्यामुळे पावसातून आलेले आम्ल शमवायची ताकद या पाण्यात नाही. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेकडील कोळशाच्या वीजकेंद्रांतून निघालेला गंधकाचा धूर वाऱ्याबरोबर येऊन ॲडिरॉन्डॅकवर पावसाबरोबर पडत राहिला आणि शेकडो मैल दूरच्या या डोंगरांतली कित्येक तळी माशांविना झाली. स्वच्छ हवा कायद्यात 1990 साली ज्या सुधारणा झाल्या, त्यांनी गंधकाच्या उत्सर्जनाला मर्यादा घातली आणि त्यानंतर पाणी हळूहळू सुधारू लागले. ॲडिरॉन्डॅक पार्क 1892 मध्ये स्थापन झाले आणि 1894 च्या राज्यघटनेत इथली सरकारी वने कायम रानच राहतील असे कलम घातले गेले. पण हवा राज्यघटना वाचत नाही, त्यासाठी देशभराचा कायदा लागला. माझ्या मते या तळ्यांच्या राखणीतला सगळ्यात अवघड भाग हाच होता, कारण कुंपणाच्या आतल्या माणसाला शिस्त लावणे सोपे असते.

दुपारनंतर वारा पडला. सामान आवरून आम्ही पूर्वेकडे निघालो आणि लहान कॅरी करत ग्रीन पाँड व पुढे लिटल लाँग पाँड गाठले. ग्रीन पाँड इतके छोटे आहे की बसून दम खाईपर्यंत ते संपते. मुक्काम लिटल लाँगच्या काठी केला. त्या रात्री थंडी वाढली आणि बोलणे थोडक्यात आटोपले.

चौथा दिवस

आमची वाट जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात अप्पर सारानॅक सरोवरावरच्या सारानॅक इन या हॉटेलापासून पॉल स्मिथच्या हॉटेलापर्यंत पाहुणे वाटाड्यांच्या हलक्या नावांतून याच तळ्यांवरून जात आणि मध्ये सात ठिकाणी नाव उचलावी लागे, म्हणून तिला सात कॅरींची वाट म्हणतात. सरोवराकडची पहिली कॅरी आता बहुतेक लोक गाडीनेच टाळतात. आम्हीही टाळली होती.

लिटल लाँगनंतर बेअर पाँड आले. त्याचे पाणी विलक्षण नितळ आहे. बुडालेले ओंडके तळाशी फांद्यांसकट दिसत होते. पुढचे बॉग पाँड नावाप्रमाणेच दलदलीचे. काठाशी शेवाळाची तरंगती गादी, तिच्यावर कीटक पकडणाऱ्या घटपर्णीचे तांबूस पेले, आणि पिवळे पडण्याच्या बेतात असलेले टॅमरॅक हे सूचिपर्णी वृक्ष. कनू थांबवून मी एका पेल्यात डोकावलो: पाणी, त्यात दोन मेलेल्या माश्या, आणि आतल्या भिंतीवर खाली वळलेले बारीक केस.

शेवटची कॅरी ओलांडून अप्पर सेंट रेजिस सरोवरात उतरलो आणि दोन वल्ह्यांतच पहिली मोटारबोट दिसली. कनू एरियाची हद्द मागे राहिली होती. या सरोवराच्या काठी श्रीमंतांची जुनी लाकडी उन्हाळी घरे आहेत; नावा ठेवायच्या घरांना सालीसकट ओंडक्यांची, वाकड्या फांद्यांची नक्षी केलेली. ती घरे देखणी आहेत यात वाद नाही, पण लाटेला नाक देण्यासाठी कनू तिरकी वळवण्यात माझे बरेच लक्ष गेले. मोटारबोट चालवणाऱ्याने आम्हाला पाहून वेग कमी केला, हेही सांगायला हवे.

स्पिटफायर लेक आणि एक अरुंद, लव्हाळ्यांनी भरलेला प्रवाह ओलांडून आम्ही लोअर सेंट रेजिसला पोहोचलो. पॉल स्मिथने 1859 मध्ये उघडलेले हॉटेल 1930 च्या आगीत गेले आणि आता त्या काठावर त्याच्याच नावाचे महाविद्यालय आहे, जिथे वनशास्त्र शिकवले जाते. आमची एक गाडी आम्ही आधीच तिथे आणून ठेवली होती.

कनू उलटी करून पाणी काढले, तळाला आणि दोऱ्यांना चिकटलेली पाणवनस्पती खरवडून कोरड्या जमिनीवर टाकली आणि सगळे पुसून घेतले, कारण एका तळ्यातला तुकडा दुसऱ्या तळ्यात रुजायला वेळ लागत नाही. कोणाला हीच वाट करायची असेल, तर दोन गाड्यांची सोय आधी करावी आणि वारा पश्चिमेचा असतो हे धरून लिटल क्लिअरकडूनच सुरुवात करावी. नोव्हेंबर 1 ते मे 1 या काळात लहान नावांत जीवरक्षक जाकीट अंगात घालणे कायद्याने बंधनकारक आहे. आम्ही सप्टेंबरमध्येही ते काढले नाही. ट्राउटचा हंगाम 15 ऑक्टोबरला संपतो. ज्यांना याहून एकांत हवा असेल त्यांनी सेंट रेजिस पाँडवरून पूर्वेऐवजी पश्चिमेला ओकर पाँड आणि फिश पाँडकडे वळावे. तिकडच्या कॅरी बऱ्याच लांब आहेत, त्यामुळे गर्दी कमी असते. दादाच्या मते पुढच्या वेळी तिकडेच जायचे, आणि कनू मी उचलायची.